दृष्टिपटलावर थेट चित्र उमटवणारे डिस्प्ले आणि डोळ्यांची सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही स्मार्ट चष्म्यांमध्ये पडदा नसतोच. लेझरचा बारीक झोत बाहुलीतून आत शिरतो आणि डोळ्याच्या पडद्यावरच, म्हणजे दृष्टिपटलावर, चित्र रेखाटतो. 'लेझर' आणि 'डोळा' हे शब्द एकत्र ऐकले की धास्ती वाटणे साहजिक आहे. 'काळजी करू नका' एवढे सांगून ती जात नाही. त्यामुळे पुढील उत्तरांत आकडे दिले आहेत आणि यंत्र बिघडल्यावर काय होते तेही सांगितले आहे.

या डिस्प्लेमध्ये नेमके काय घडते?

लाल, हिरवा आणि निळा अशा तीन लेझर डायोडांचा प्रकाश एका झोतात मिसळतो. तो झोत सिलिकॉनवर घडवलेल्या, साधारण एक मिलिमीटर व्यासाच्या आरशावर पडतो. आरसा आडव्या दिशेने सेकंदाला वीस-तीस हजार वेळा झुलतो आणि उभ्या दिशेने साधारण ६० वेळा सरकतो. झोत चित्राच्या ज्या ठिकाणी असेल त्या ठिकाणच्या रंगाप्रमाणे डायोड कमी-जास्त प्रखर होतात. चष्म्याच्या काचेवरचा परावर्तक थर हा झोत बाहुलीकडे वळवतो. बाहुलीपाशी झोताची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर असते. पुढे डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावर बिंदूएवढे करते आणि तो बिंदू इतक्या वेगाने फिरतो की आपल्याला स्थिर चित्र दिसते.

हे तंत्र तसे जुने आहे. १९९१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ह्यूमन इंटरफेस टेक्नॉलॉजी लॅबमध्ये टॉम फर्नेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम सुरू केले होते.

फोनवरचा 'रेटिना डिस्प्ले' म्हणजे हाच का?

नाही. ते अतिशय दाट पिक्सेल असलेल्या साध्या स्क्रीनचे व्यापारी नाव आहे. त्या स्क्रीनचा प्रकाश सगळीकडे पसरतो आणि त्यातला थोडासा डोळ्यात जातो. खाली लिहिलेल्या गोष्टींचा त्याच्याशी संबंध नाही.

डोळ्यात किती प्रकाश जातो?

इथे गणित करून पाहणेच बरे. समजा, आपल्याला २५० कँडेला प्रति चौरस मीटर इतके उजळ चित्र हवे आहे, म्हणजे लॅपटॉपच्या चांगल्या स्क्रीनइतके. बाहुली ३ मिलिमीटरची आहे, म्हणजे तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर. चित्र ४० अंश रुंद आणि २२ अंश उंच आहे, म्हणजे साधारण ०.२७ स्टेरेडियन (चित्र नजरेचा किती भाग व्यापते याचे माप). हे तीन आकडे गुणले की डोळ्यात जाणारा प्रकाश येतो सुमारे ०.०००४७ लुमेन (डोळ्याला जाणवणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक). तीन लेझर मिसळून केलेला पांढरा प्रकाश दर वॉटला साधारण ३०० लुमेन देतो. त्यावरून शक्ती निघते दीड मायक्रोवॉटच्या आसपास. मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग.

चित्र उन्हातही दिसायचे असेल तर जास्त प्रकाश लागतो. ३००० कँडेलाचे चित्र धरले आणि उन्हात बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकसते हेही धरले, तर ८-९ मायक्रोवॉट लागतात.

तुलनेसाठी सूर्य घेऊ. भर दुपारी सूर्याकडे थेट पाहिले तर दोन मिलिमीटरच्या बाहुलीतून सुमारे ३ मिलिवॉट आत जातात, म्हणजे वरच्या दीड मायक्रोवॉटच्या दोन हजार पट. शिवाय हे सगळे तेज दृष्टिपटलावर जेमतेम ०.१६ मिलिमीटरच्या ठिपक्यात एकवटते. डिस्प्लेचे चित्र मात्र सुमारे १२ बाय ६.५ मिलिमीटरवर पसरलेले असते.

मर्यादा कोण ठरवते आणि ती किती आहे?

लेझर उपकरणांसाठी आयईसी ६०८२५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. डोळ्यासाठी किती प्रकाश चालतो याच्या मूळ शिफारशी आयसीएनआयआरपी हा आंतरराष्ट्रीय आयोग देतो. मानकात लेझरचे वर्ग पाडलेले आहेत आणि त्यात वर्ग १ सर्वांत सुरक्षित धरला जातो.

एकाच बिंदूतून येणारा दृश्य प्रकाश सतत डोळ्यात जात असेल तर वर्ग १ मध्ये लाल आणि हिरव्यासाठी मर्यादा सुमारे ०.३९ मिलिवॉट, म्हणजे ३९० मायक्रोवॉट आहे. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (तरंगलांबीवरून प्रकाशाचा रंग ठरतो) निळ्यासाठी, १०० सेकंदांहून जास्त वेळ पाहायचे असेल तर, ती फक्त ३९ मायक्रोवॉट आहे. मोजताना ७ मिलिमीटर व्यासाचे छिद्र धरतात, कारण अंधारात पूर्ण विस्फारलेली बाहुली साधारण तेवढी असते.

लेझरऐवजी एलईडी वापरणाऱ्या डिस्प्लेंना आयईसी ६२४७१ हे दुसरे मानक लागू होते. एलईडी आहे म्हणून डिस्प्ले आपोआप सुरक्षित ठरत नाही. मोजणी तिथेही करावीच लागते.

लेझर पॉइंटर वर्ग २ चे असतात आणि तेही सुरक्षित म्हणतात. मग डिस्प्ले वर्ग २ चा असला तर काय बिघडले?

बरेच बिघडते. वर्ग २ ची मर्यादा १ मिलिवॉट आहे, पण ती एका गृहीतकावर उभी आहे. झोत डोळ्यात गेला की माणूस पाव सेकंदात डोळे मिटेल किंवा मान फिरवेल, असे ते गृहीतक आहे. डिस्प्ले मात्र माणूस मुद्दाम, टक लावून, तासन्‌तास पाहतो. मंद पण सततच्या प्रकाशाने डोळे दिपतही नाहीत, त्यामुळे ते मिटण्याची प्रतिक्रिया येत नाही.

म्हणूनच मानक सांगते की जिथे प्रकाशाकडे दीर्घकाळ पाहणे हाच वापर आहे, तिथे ३०,००० सेकंद धरून हिशेब करावा. हे झाले आठ तास वीस मिनिटे. डोळ्यावर घालायचा डिस्प्ले या हिशेबाने वर्ग १ मध्ये बसत नसेल तर तो घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरसा थांबला तर?

सुरक्षिततेचा सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. आरसा फिरत असतो तोपर्यंत शक्ती लाखो बिंदूंवर वाटली जाते. तो थांबला की ती सगळी एकाच रेषेवर किंवा एकाच ठिपक्यावर पडते. फक्त उभी हालचाल थांबली तर आडवी लखलखीत रेषा दिसते, दोन्ही थांबल्या तर ठिपका.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही सारखे नाहीत.

पहिला उपाय म्हणजे शक्तीच इतकी कमी ठेवायची की थांबलेला ठिपकाही वर्ग १ च्या आत राहील. वरच्या गणितातला दीड मायक्रोवॉट पूर्णपणे एका बिंदूवर पडला आणि त्यातला सगळा प्रकाश निळा धरला, तरी तो ३९ मायक्रोवॉटच्या पंचविसाव्या भागाएवढाच भरतो. अशा यंत्रात आरसा हा सुरक्षेचा भागच राहत नाही. शक्य असेल तिथे हाच मार्ग निवडावा.

दुसरा उपाय आरशावर पहारा ठेवण्याचा. आरशाची हालचाल टिपणारा संवेदक सतत संकेत पाठवतो आणि संकेत थांबला की लेझर बंद होतो. सेकंदाला २५ हजार झुले असतील तर एका झुल्याला ४० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे बिघाड एक मिलिसेकंद होण्याच्या बराच आधी लक्षात येऊ शकतो. पण जोडणीत एक गोष्ट पाळावी लागते : 'बिघाडाचा संकेत आला तर बंद कर' अशी रचना नको, 'ठीक असल्याचा संकेत येत असेल तरच चालू ठेव' अशी हवी. पहिल्या रचनेत संवेदकाची तार तुटली तर बिघाडाचा संकेत कधी येणारच नाही. दुसरीत तार तुटली तरी लेझर विझतो. शिवाय हे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये. जी चिप चित्र तयार करते तीच पहारा देत असेल, तर ती अडकल्यावर आरसाही थांबतो आणि पहाराही.

आरशाखेरीज आणखी काय बिघडू शकते?

लेझर डायोड स्वतः. थंडीत डायोड कमी प्रवाहावर पेटतो, त्यामुळे प्रवाह तोच ठेवला तर प्रकाश वाढतो. म्हणून खोलीच्या तापमानाला केलेली मोजणी पुरत नाही. यंत्र ज्या किमान तापमानाला चालणार, त्या तापमानालाही मोजावे लागते.

प्रकाश स्थिर ठेवण्यासाठी डायोडजवळ एक फोटोडायोड, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, असतो आणि त्याच्या वाचनावरून प्रवाह कमी-जास्त होतो. हा फोटोडायोड सैल झाला, धुळीने झाकला गेला किंवा त्याचा टाका सुटला तर नियंत्रकाला वाटते की प्रकाश कमी पडतोय, आणि तो प्रवाह वाढवत सुटतो. सुरक्षेसाठी बसवलेला भागच इथे धोका निर्माण करतो. म्हणून कमाल प्रवाहाला वेगळ्या सर्किटची, सॉफ्टवेअरला बदलता न येणारी मर्यादा हवी.

निळ्या प्रकाशाची मर्यादा एवढी कडक का?

प्रकाशाने दृष्टिपटलाला दोन प्रकारे इजा होते. एक उष्णतेची. तीत ऊती भाजते, इजा क्षणात होते आणि तिला उंबरठा असतो : तेवढे तापमान गाठलेच नाही तर कितीही वेळ पाहिले तरी ऊती भाजत नाही. दुसरी प्रकाशरासायनिक, जी मुख्यतः निळ्या प्रकाशाने होते आणि जिचा धोका ४३५-४४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतो. हिच्यात हिशेब शक्ती गुणिले वेळ असा चालतो. कमी प्रकाश जास्त वेळ घेतला तरी मात्रा साचते. दिवसभर घालायच्या यंत्रात म्हणून निळाच आधी मर्यादेला टेकतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. मानकात ४५० नॅनोमीटरच्या पुढे मर्यादा भराभर सैल होते. ४८८ नॅनोमीटरला ती ३९ ऐवजी सुमारे २२० मायक्रोवॉट असते. रंगांचा थोडा पल्ला सोडून जरा लांब तरंगलांबीचा निळा डायोड निवडला तर सुरक्षेला बरीच जागा मिळते.

प्रत्यक्ष मोजायचे कसे?

सिलिकॉन संवेदकाचा, नॅनोवॉटपर्यंत मोजणारा पॉवर मीटर लागतो. खोली अंधारी करा, संवेदक झाकून शून्य लावा. जिथे डोळ्याची बाहुली येते तिथे ७ मिलिमीटरचे छिद्र ठेवा आणि संवेदक त्याच्या मागे इतका जवळ आणा की चित्राच्या कडांचा तिरपा प्रकाशही त्यावर पडेल. बरेच जण इथे चुकतात. संवेदक लांब राहिला तर कडांचा प्रकाश निसटतो आणि आकडा फसवा, कमी येतो.

पूर्ण पांढरे चित्र लावा, उजळपणा कमाल करा, अर्धा तास यंत्र तापू द्या. मग एकेक रंग वेगळा मोजा आणि दर वेळी मीटरवर त्या रंगाची तरंगलांबी निवडा. सिलिकॉन निळ्याला कमी प्रतिसाद देते. मीटर ६४० नॅनोमीटरवर ठेवून ४५० चा निळा मोजला तर आकडा निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे ज्या रंगात चूक परवडत नाही त्याच रंगात चूक होते.

नंतर प्रत्येक रंगाचा आकडा त्याच्या मर्यादेने भागा आणि भागाकारांची बेरीज करा. उदाहरणार्थ लाल ०.८, हिरवा ०.६, निळा ०.५ मायक्रोवॉट आला. लाल आणि हिरव्याचा वाटा ३९० च्या मानाने नगण्य. निळ्याचा ०.५ भागिले ३९, म्हणजे ०.०१३. बेरीज दीड-दोन टक्क्यांच्या आत राहिली. बेरीज १ च्या वर गेली तर यंत्र नापास.

हे झाले सरासरी शक्तीचे. झोत स्पंदांचा, म्हणजे तुटक झटक्यांचा, असल्याने एकेका स्पंदाची आणि स्पंदांच्या मालिकेचीही वेगळी तपासणी मानकात आहे. शेवटी आरसा मुद्दाम थांबवून, डायोड कमाल प्रवाहावर ठेवून पुन्हा मोजा. या चाचणीच्या वेळी डोळ्याच्या जागी फक्त संवेदक असावा.

छोटा लेझर प्रोजेक्टर उघडून घरी असा डिस्प्ले बनवता येईल का? फिल्टर लावले तर?

करू नका. २० लुमेनच्या खिशातल्या लेझर प्रोजेक्टरमधून सुमारे ६५ मिलिवॉट बाहेर पडतात. ते दोन मायक्रोवॉटपर्यंत आणायला तेहतीस हजार पट कपात हवी, म्हणजे ४.५ ऑप्टिकल डेन्सिटीचा फिल्टर (डेन्सिटी १ ने वाढली की प्रकाश दहा पटींनी घटतो). समजा, ती दोन समान फिल्टरांत विभागली आणि त्यातला एक निसटला. मग ०.३७ मिलिवॉट आत जातात. त्यातला तिसरा हिस्सा निळा धरला तर तो १२० मायक्रोवॉट भरतो. आरसाही त्याच क्षणी अडकला तर हे वर्ग १ च्या मर्यादेच्या तिप्पट झाले, आणि हादऱ्याने फिल्टर निसटतो तेव्हा आरसा अडकणेही अशक्य नसते.

छायाचित्रणाचे बरेच राखाडी फिल्टर दृश्य प्रकाश अडवतात पण अवरक्त सोडतात, हा आणखी एक धोका. काही हिरव्या लेझरांमध्ये ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सांडत असतो. चित्र मंद दिसते, म्हणून सगळे ठीक वाटते, आणि न दिसणारा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोचत राहतो. ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश तिथवर जातो.

तत्त्व समजून घ्यायचे असेल तर मंद एलईडी, त्यापुढे छोटा एलसीडी, एक भिंग आणि भिंगाच्या नाभीपाशी एक मिलिमीटरचे छिद्र एवढ्यात काम होते. जुळवणी करताना डोळ्याच्या जागी कॅमेरा ठेवा.

नजर टिपणाऱ्या अवरक्त दिव्यांचे काय?

काही चष्म्यांत डोळा कुठे पाहतो आहे हे ओळखण्यासाठी असे दिवे असतात. ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे हे एलईडी डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळे ते जास्त प्रखर झाले तरी डोळा मिटत नाही. हजार सेकंदांहून जास्त काळासाठी डोळ्याच्या पृष्ठभागावर मर्यादा १०० वॉट प्रति चौरस मीटर आहे. निर्मात्याने चित्राचा आणि या दिव्यांचा प्रकाश एकत्र धरून तपासलेला असावा. दोन्ही वेगवेगळे पास झाले एवढे पुरेसे नाही.

घातल्यावर डोळे थकतात, डोके जड होते. हे नुकसान आहे का?

बहुधा नाही, पण त्रास खरा आहे. बारीक झोतामुळे चित्र कुठल्याही अंतराला स्पष्ट दिसते, त्यामुळे भिंगाला कुठे जुळवायचे याचा इशारा मिळत नाही. एकाच डोळ्यापुढे चित्र असेल तर दोन डोळ्यांना वेगवेगळे दिसते आणि मेंदू आळीपाळीने एकेक दाबतो. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. डोळा दहा अंश वळला की बाहुली पावणेदोन मिलिमीटर सरकते आणि चित्र कडेने गायब होते. ते पकडून ठेवायच्या प्रयत्नात मानही आखडते. चष्मा नाकावर नीट बसवून घेतला तर यातला बराच त्रास कमी होतो.

चित्रात काळे धागे आणि ठिपके तरंगताना दिसतात. हे यंत्राने झाले का?

ते आधीपासून डोळ्यात असतात. डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातील तंतूंची ती सावली आहे. एरवी रुंद बाहुलीतून चहूकडून प्रकाश येतो आणि सावली पुसट होते. एक मिलिमीटरच्या झोतात ती रेखीव उमटते. यंत्र काढल्यावरही अचानक बरेच नवे ठिपके दिसू लागले, विजेसारखे लख्ख चमकले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे झाले तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ती पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणे असू शकतात.

कोणी जास्त जपावे?

लहान मुलांचे भिंग जास्त पारदर्शक असते, त्यातून निळा प्रकाश अधिक आत जातो. मोतीबिंदू काढला पण कृत्रिम भिंग बसवलेले नाही अशांसाठीही तेच, आणि त्यांच्यासाठी आयसीएनआयआरपी वेगळा, कडक तक्ता देते. दृष्टिपटलाचा आजार असलेल्यांनी, तसेच प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. झगमगत्या प्रकाशाने फीट येणाऱ्यांनीही.

कमी दिसणाऱ्यांना याचा उपयोग होतो का?

दोष डोळ्याच्या पुढच्या भागात असेल तर होऊ शकतो. पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, खडबडीत किंवा वेडेवाकडे असले तरी बारीक झोत त्याच्या लहानशा भागातून जातो, म्हणून चित्र कमी बिघडते. जपानमध्ये अनियमित दृष्टिवैषम्यासाठी अशा लेझर चष्म्याला २०२० साली वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. दृष्टिपटल किंवा दृष्टीची नसच खराब असेल तर चित्र उमटवायला जागाच उरत नाही.

चित्रात वाळूसारखे चकाकते कण दिसतात. ते घातक आहेत का?

नाहीत. लेझरच्या लहरी एकमेकींत मिसळून ही नक्षी तयार होते. चित्राची गुणवत्ता घटते, डोळ्याला इजा होत नाही.

इजा झाली हे कसे ओळखावे?

दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत, त्यामुळे दुखण्याची वाट पाहू नका. प्रखर चित्रानंतर काही सेकंद, क्वचित मिनिटभर, डोळ्यांपुढे त्याची सावली राहणे स्वाभाविक आहे. नजर जाईल तिथे जाणारा डाग तासाभरानेही गेला नाही, सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या किंवा वाचताना मधली अक्षरे गाळल्यासारखी वाटली तर तपासून घ्या.

घरी मध्यभागी ठिपका काढलेला चौकटींचा कागद उपयोगी पडतो. वाचायचा चष्मा लावून कागद ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा झाका आणि मधल्या ठिपक्याकडे पाहत राहा. कुठे रेघा वाकल्या किंवा पुसल्या आहेत ते लक्षात ठेवा, मग दुसरा डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही चाचणी करू नका, कारण एकाचा डाग दुसरा डोळा भरून काढतो. नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करून पडदा पाहतील आणि ओसीटी स्कॅन (दृष्टिपटलाचे थर दाखवणारी तपासणी) करतील. जाताना यंत्रावरचे लेबल आणि तरंगलांबी लिहून न्या.

घेताना काय पाहावे?

लेबलवर वर्ग १ आणि आयईसी ६०८२५-१ ची आवृत्ती लिहिलेली असावी. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा : वर्गीकरण किती वेळ पाहणे धरून केले आहे, आणि आरसा थांबलेला असताना डोळ्यात किती शक्ती जाते? ज्याने मोजले आहे तो आकडा सांगतो.

चष्मा खाली पडला, काचेला तडा गेला, पण चित्र दिसते आहे. वापरावा का?

नाही. काचेवरचा परावर्तक थर झोताचा थोडाच भाग डोळ्याकडे वळवतो, बाकीचा सोडून देतो, आणि हिशेब तो धरूनच केलेला असतो. थर किंवा काच हलली तर वाटणी बदलते. आतला लेझर एकटा पाहिला तर अनेकदा वर्ग ३बी चा, म्हणजे थेट डोळ्यात गेला तर घातक, असतो. आवरण बंद आणि मार्ग शाबूत असतानाच यंत्र वर्ग १ मध्ये मोडते, म्हणून ते स्वतः उघडूही नका.

चित्राऐवजी एकच रेषा किंवा ठिपका दिसला तर क्षणाचाही विचार न करता डोळे मिटा, चष्मा काढा आणि मग बंद करा. पुन्हा चालू करून 'आता नीट झाला का' हे डोळा लावून पाहू नका. कागद धरून पाहा, आणि कागदावरही रेषाच दिसली तर दुरुस्तीला द्या.